भारत आणि युरोप: ‘अवर वर्ल्ड इन डेटा’चा जैवइंधन आलेख कितपत कामाचा?

इंदूरमध्ये जैवऊर्जेवर प्रोजेक्ट करायचा म्हटला की आधी देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प आठवतो, आणि तुलनेसाठी हात जातो जगभरची आकडेवारी आलेखांतून दाखवणाऱ्या ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ या साइटकडे. साइट फुकट, नोंदणीची कटकट नाही. जैवइंधनाचा (म्हणजे इथेनॉल, बायोडिझेल यांचा) आलेख उघडा, यादीतून भारत आणि युरोप निवडा, खालची वर्षांची पट्टी ओढा, की दोन रेषा समोर. सीएसव्ही उतरवून एक्सेलमध्येही घेता येते. इथवर पैकीच्या पैकी गुण.

घोळ सुरू होतो प्रदेश निवडताना. यादीत काही प्रदेशांपुढे कंसात ‘ईआय’ दिसेल. म्हणजे ती व्याख्या एनर्जी इन्स्टिट्यूटची, जगाची ऊर्जा आकडेवारी छापणाऱ्या संस्थेची. त्यांच्या युरोपात तुर्कीही येतो, त्यामुळे हे आकडे युरोपीय संघाचे म्हणून खपवू नका. आशिया-पॅसिफिकशी तुलना असेल तर त्या बेरजेत भारत आधीच धरलेला आहे. तो वजा करा, नाहीतर भारताची भारताशीच तुलना होते.

आलेखातले एकक टेरावॅट-तास, आपल्याकडचे सरकारी आकडे लिटरमध्ये. एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण 21 मेगाज्यूल ऊर्जा असते, बायोडिझेलमध्ये 33. युरोपात बायोडिझेलचा वाटा मोठा, आपल्याकडे जवळपास सगळा भर इथेनॉलवर. म्हणून लिटरला लिटर लावला की युरोपची ऊर्जा कमी भासते. पडताळणी सोपी आहे: 2013-14 मध्ये पेट्रोलमध्ये मिसळायला 38 कोटी लिटर इथेनॉल मिळाले होते, 2023-24 मध्ये 707 कोटी. आधी 100 ने भागून अब्ज लिटर करा, 21 ने गुणून पेटाज्यूल मिळवा, मग 3.6 ने भागा (1 टेरावॅट-तास म्हणजे 3.6 पेटाज्यूल): सुमारे 2.2 आणि 41 टेरावॅट-तास. आलेखाशी हे तंतोतंत जुळणार नाही, कारण इथेनॉलचे पुरवठा वर्ष पूर्वी डिसेंबर ते नोव्हेंबर होते, 2023-24 पासून नोव्हेंबर ते ऑक्टोबर झाले. आलेख चालतो कॅलेंडर वर्षावर. थोडा फरक राहू द्या. दुपटीचा दिसला तर एकक चुकले समजा.

दरडोई आकडा काढायचा तर लोकसंख्या वेगळी उतरवून स्वतः भागा. त्यात भारताची चढती रेषा पार झोपते.

खरी उणीव वेगळीच. हा आलेख मोजतो वाहनांचे द्रव इंधन. चुलीतले सरपण, गोवऱ्या, गोबरगॅस यात नाहीत, आणि देवगुराडियाचा गॅसही नाही. 550 टन ओल्या कचऱ्यातून दिवसाला 17,000 किलो गॅस ही त्या प्रकल्पाची सुरुवातीची क्षमता. वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला तरी जेमतेम 0.08 टेरावॅट-तास, धरला असता तरी रेषेच्या जाडीत हरवला असता. सरपणाची गोष्ट तशी नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या, म्हणजे आयईएच्या, ताळेबंदात घन जैवइंधन धरलेले असते, आणि तिथे भारत एकदम वजनदार दिसतो. त्या आकड्यांत सरपण घटले तर ती पीछेहाट नव्हे. 2016 ला उज्ज्वला योजना आली ती चुलीचा धूर कमी करायलाच.

एकंदरीत पाचपैकी साडेतीन. पेट्रोलपंपापुरता विषय असेल तर हा आलेख पुरतो; स्वयंपाकघर धरायचे असेल तर आयईएचे आकडे घ्या. दोन्हीकडचे आकडे एकाच आलेखात मात्र घालू नका.