दोन दिवसांत गवत जळालं आणि मी खूश झाले, तिथंच फसले

लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं, कारण यात विकणाऱ्याइतकाच माझाही शहाणपणा आहे. पण आमच्यासारखे शनिवार-रविवार गाडी काढून प्लॉटवर जाणारे पुण्यात ढिगानं आहेत आणि आम्हाला तणनाशक विकणारा तो टेम्पोवाला अजून फिरत असणार, म्हणून लिहितेय.

सासवडच्या अलीकडं आमचा सहा गुंठ्यांचा प्लॉट आहे. कोंढव्यातून बोपदेव घाटानं गेलं की तासाभरात पोचतो. आंब्याची आठ कलमं लावलीत, बाकी सगळं गवताचं राज्य. गणपती झाले की हराळी, लव्हाळा आणि गाजर गवत असं काही माजतं की कलमं शोधावी लागतात. खुरपायला बायका लावून बघितल्या, पण पंधरा दिवसांत लव्हाळा परत हजर, त्याच्या गाठी जमिनीत राहतात ना. कुणीतरी म्हणालं ग्लायफोसेट नावाचं तणनाशक मारा, मुळासकट जातं. हडपसरला कृषी सेवा केंद्रात विचारलं तर ते म्हणाले मॅडम असं देता येत नाही. मला वाटलं हा माणूस उगाच भाव खातोय.

त्याच आठवड्यात प्लॉटच्या गेटवर छोटा टेम्पो आला. खतं, औषधं, पंप, सगळं होतं त्यात. "ताई, सरकारनं बंद केलंय म्हणून दुकानात मिळत न्हाई, आपल्याकडं जुना स्टॉक हाय. दोन दिसांत न्हाई जळलं तर पैसं परत." पाच लिटरचा कॅन सोळाशेला. बिल मागितलं तर म्हणे जीएसटी पडंल, स्कॅनर दाखवा म्हटलं तर रेंज न्हाई. मी मुकाट रोख दिले. बँकेत नोकरी करते मी, रोज लोकांना सांगते पावती घ्या, आणि स्वतः हे केलं.

त्याच्या बोलण्यात अर्धं खरं होतं म्हणूनच ते पचलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनीच वापरायचं. म्हणजे सरसकट बंद नाही, पण तुम्ही-आम्ही कॅन आणून पंपानं मारायचं नाही. हे मला नंतर कळलं आणि त्या दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागितली.

शनिवारी दुपारी भर उन्हात फवारलं. ग्लोव्ह्ज नाहीत, मास्क नाही, तोंडाला ओढणी, आणि औषध त्याच कॅनच्या झाकणानं मोजलं, त्यात बोटांवर ओघळलं ते साडीच्या जुन्या तुकड्याला पुसलं. रंग गडद हिरवट-निळा आणि वास असा की मळमळावं. रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं गवत करपून तपकिरी! मी व्हिडिओ काढून प्लॉटवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. तिघांनी मागितलं आणि मी उदार मनानं वाटलं. शेजारच्या काकूंना तर अर्धा लिटर कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून दिलं. हे वाक्य टाईप करतानासुद्धा पोटात गोळा येतो.

अडीच आठवड्यांनी गेलो तर हराळी हिरवीगार, लव्हाळा तर आधीपेक्षा जोमात, आणि कलमांच्या खालच्या पानांवर भाजल्यासारखे ठिपके. टेम्पोवाल्याला फोन केला तर तो म्हणाला डोस कमी पडला ताई, डबल मारा. मारला डबल! त्या रात्री नाकातून रक्त आलं, मी म्हटलं ऊन लागलं असेल. आठवडाभरानं उजव्या हाताच्या दोन नखांवर आडवे पांढरे पट्टे दिसले, तेही कॅल्शियमवर ढकललं.

मग पलीकडच्या अंजीर-सीताफळाच्या बागेतले तात्या सहज चहाला आले. सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "ताई, वाळायला किती दिस लागलं?" मी अजूनही कौतुकानं सांगतेय, दुसऱ्याच दिवशी! "मग ते ग्लायफोसेट नव्हंच."

त्यांनी जे समजावलं ते असं. ग्लायफोसेट पानातून आत जातं, झाडाच्या अन्नाबरोबर मुळापर्यंत उतरतं आणि झाडाला लागणारी काही अमिनो आम्लं बनायचीच थांबवतं. त्यामुळं पहिले चार-पाच दिवस काहीच होत नाही असं वाटतं, मग पिवळं पडतं, पूर्ण मरायला दहा-पंधरा दिवस सहज. एका दिवसात जाळतं ते पॅराक्वाट, हे दुसरंच तणनाशक. ते जिथं पडेल तेवढंच हिरवं करपवतं, उन्हात तर जास्तच जोरात, पण मुळाला हात लावत नाही. म्हणजे ज्या वेगावर मी खूश झाले तोच फसवणुकीचा पुरावा होता, आणि मी तो व्हिडिओ करून वाटला.

मग तात्यांनी कॅन नळाखाली धरला आणि अंगठ्यानं लेबलचा कोपरा चोळला. कोपरा सुटला. खाली दुसरं लेबल. त्यावर विषारीपणा दाखवणारा चौकोनातला त्रिकोण पिवळा, नाव पॅराक्वाट डायक्लोराईड २४ टक्के, आणि मुदत संपून दीड वर्ष झालेलं. म्हणजे कुणाचा तरी पडून राहिलेला माल उचलायचा आणि ज्याला मागणी आहे त्याचं लेबल वर डकवायचं.

पैशाचं दुःख सोळाशेचं, ते विसरले असते. पण पॅराक्वाटला उतारा नाही. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं आणि फुफ्फुसं जातात, आणि माणूस सुरुवातीला बरा दिसतो म्हणून घरचे गाफील राहतात. चुकून कुणाच्या पोटात गेलं असतं तर आम्ही कॅन घेऊन हॉस्पिटलात पळालो असतो आणि डॉक्टरांनी वरचं खोटं लेबल वाचलं असतं. या विचारानं मी त्या रात्री घरी बसू शकले नाही. साडेनऊला काकूंच्या दारात उभी. बाटली स्वयंपाकघरात, ओट्याखाली, फिनेलशेजारी. चार बोटं औषध शिल्लक. त्यांचा नातू सुट्टीला यायचा होता. मी बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून घेऊन आले आणि घाटात नवऱ्याला गाडी थांबवायला लावून ढसाढसा रडले.

डॉक्टरांना नखं आणि नाकाचं सांगितलं, खरं नाव सांगितलं, तपासण्या नीट आल्या. नखांचं हेच कारण म्हणाले, दाट औषध बोटांवर राहिलं की असं होतं.

पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडं कॅन नेऊन दिला. ते नीट बोलले, पण बिल नाही, परवाना नंबर नाही, विकणाऱ्याचा फोन बंद, मग धरायचं कुणाला? म्हणून सांगते, तणनाशक असो की कीटकनाशक, परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, आणि बिलावर नाव, बॅच नंबर, मुदत लिहून घ्या. लेबलवर नख फिरवून बघा. त्रिकोण बघा, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. सुटं कधीच घेऊ नका, देऊ तर अजिबात नका. फवारताना रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा, वाऱ्याकडं पाठ, आणि तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, आमच्याकडं गडी सर्रास फुंकतात.

बाकी दोघांकडचंही परत मिळालं, पण एकानं ज्या कॅनमध्ये ते नेलं होतं तो रिकामा कॅन सापडेना. दोन दिवस फोनाफोनी केल्यावर कळलं, वॉचमनच्या बायकोनं तो निरमा घालून धुतला होता आणि पिण्याच्या पाण्याला ठेवला होता, अजून भरला नव्हता. तिला नवा कॅन आणून दिला आणि जुन्याला तिच्यासमोरच सळईनं भोकं पाडली. ती म्हणाली, "एवढा चांगला कॅन होता, ताई."