एकच अल्बम, चार देश: ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन की जपानी प्रेसिंग?

जुन्या रॉक किंवा जॅझ अल्बमची एलपी घ्यायची म्हटलं की अल्बम कुठला हे पाच मिनिटांत ठरतं, पण प्रेसिंग, म्हणजे छापून निघालेली तबकडी, कुठल्या देशाचं यावर माणूस महिनोन्महिने अडकून बसतो. प्रत्येक देशाचे भक्त आहेत आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं म्हणणं अर्धं तरी खरं आहे. मी या सगळ्यातनं गेलोय आणि आता माझा हात बहुतेक वेळा एकाच देशाच्या कॉपीकडे जातो, तो का ते खाली येईलच, पण हे सगळं माझा प्लेयर, माझे कान आणि माझ्या कपाटातल्या कॉप्या एवढ्यापुरतंच आहे हे धरून वाचा. नवे रीइश्यू आणि 180 ग्रॅमच्या जाड तबकड्यांचा वाद इथे घेत नाही, तो लांबतो.

आधी तो नेहमीचा नियम बघू, ज्या देशाचा बँड त्याच देशाचं पहिलं प्रेसिंग घ्या. यात तथ्य आहे. मूळ मास्टर टेप त्या देशात, कटिंग इंजिनियर त्याच टेपवरून लॅकर, म्हणजे जिच्यावरून पुढे छापायचे साचे बनतात ती पहिली तबकडी, कापणार, आणि बाकीच्या देशांना बहुतेक वेळा त्या टेपची कॉपी जाणार, म्हणजे हिस, टेपची ती सूं सूं, थोडा वाढला, वरचा तजेला थोडा गेला. शिवाय परदेशी कंपनी स्वतःची अक्कल चालवायची ते वेगळंच. बीटल्सचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, 1966 चा 'रिव्हॉल्व्हर' ब्रिटनमध्ये 14 गाण्यांचा आणि अमेरिकेत 11 गाण्यांचा, काही अमेरिकन अल्बमवर तर वरून रिव्हर्ब ओतलेला, आणि दोन्हीकडे एकसारखी गाणी यायला 1967 चा 'सार्जंट पेपर' उजाडावा लागला. तेव्हा बीटल्ससाठी ब्रिटिश घ्या म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पण नियम लगेच मोडतोही. 'लेड झेपेलिन टू', 1969, बँड ब्रिटिश, आणि लोक जीव टाकतात ते अमेरिकन कॉपीवर, रॉबर्ट लडविगने कट केलेल्या, जिच्या डेड वॅक्समध्ये, म्हणजे शेवटचं गाणं आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात, आरएल कोरलेलं असतं. तो कट इतका जोरदार होता की साध्या प्लेयरवर सुई उडायची आणि म्हणून कंपनीने नंतर बास कमी करून परत कट करून घेतला असं सांगतात. ती एकदा ऐकली की ड्रम्स अंगावर येणं म्हणजे काय ते कळतं. पण अमेरिकन प्रेसिंगची अडचण अशी की अमेरिकन प्रेसिंग नावाची एक गोष्ट नसतेच. मोठ्या लेबलांचे दोन-तीन कारखाने देशाच्या वेगवेगळ्या टोकांना, एकट्या कोलंबियाचे पिटमन, टेरे हॉट आणि सांता मारिया, त्यामुळे लेबल तेच, वर्ष तेच, कव्हर तेच आणि आतला माल वेगळा. चांगली लागली तर लॉटरी, नाहीतर खरखर. लॉटरी खेळायची हौस असेल तर अमेरिकेसारखा देश नाही.

जर्मन कॉप्यांबद्दल फार काही बोलण्यासारखं नाही आणि हे मी कौतुकानेच म्हणतोय. सरफेस शांत, तबकडी सरळ, आवाज जरा कोरडा. 1982 नंतरच्या काही कॉप्यांवर डीएमएम (डायरेक्ट मेटल मास्टरिंग) लिहिलेलं दिसेल, टेलडेक या जर्मन कंपनीने आणलेली पद्धत, लॅकरऐवजी थेट तांब्यावर कट. आतल्या खोबणीपर्यंत स्वच्छपणा टिकतो पण झांजा जरा टोचतात, मला तरी. ज्याला फार डोकं लावायचं नाही आणि जपानी कॉपीएवढे पैसेही घालायचे नाहीत त्याने जर्मन घ्यावी, पश्चात्ताप होणार नाही.

एक गोष्ट मात्र चारही देशांना लागू, देश छापलेला असतो लेबलवर आणि कट दिसतो डेड वॅक्समध्ये. कधीकधी मूळ देशातून टेप न जाता थेट मेटल, म्हणजे छापायचे धातूचे साचे, जायचं आणि तिकडे फक्त प्रेसिंग व्हायचं, दमदमच्या ग्रामोफोन कंपनीने काढलेल्या बीटल्सच्या कॉप्यांवर ब्रिटिश मॅट्रिक्स नंबर, म्हणजे डेड वॅक्समध्ये कोरलेले कटचे आकडे, सापडतात ते त्यामुळेच. म्हणजे कट ब्रिटिश, व्हिनाइल इथलं. तेव्हा लेबल बघून नाक मुरडायच्या आधी कॉपी उजेडात तिरकी धरून ते आकडे वाचा.

आता जपान. जपानी कॉपीवरचा आक्षेप ठरलेला आहे, टेप कॉपीची कॉपी, ट्रेबल जास्त, आवाज सुंदर पण पातळ. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. ब्रिटिश पहिल्या प्रेसिंगमध्ये बास गिटारला जे वजन असतं ते जपानीत एक घर कमी वाटतं, आणि काही गायकांचे स, श जरा जास्तच चमकतात. पण व्हिनाइल म्हणाल तर तोड नाही, आणि हे नुसतं जपानी शिस्तीचं कौतुक नाही, त्यामागे कारणही आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जेव्हीसीने सीडी-4 ही चार चॅनलची पद्धत आणली, तिच्यात खोबणीत 30 किलोहर्ट्झचा कॅरियर, म्हणजे जादा चॅनल वाहून नेणारा कानाला न ऐकू येणारा सिग्नल, कापलेला असायचा, तो साध्या व्हिनाइलवर थोड्याच वेळा वाजवून घासून जायचा, म्हणून त्यांना जास्त कणखर, जास्त शुद्ध व्हिनाइल बनवावं लागलं. चार चॅनलचा खेळ बुडाला, व्हिनाइल राहिलं. पुढे मोबाईल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीने आपले खास ऑडिओफाइल अल्बम जपानला जेव्हीसीकडेच प्रेस करून घेतले, यात काय ते आलं. तोशिबाच्या साठच्या दशकातल्या त्या लाल पारदर्शक एव्हरक्लीन कॉप्या तर स्टॅटिक वीज धरू नये म्हणूनच काढलेल्या. ओबी (कव्हरभोवतीची कागदी पट्टी), गाण्यांचे शब्द छापलेला कागद वगैरे मी मोजत नाही, तो सजावटीचा भाग झाला, ओबी नसेल तर उलट स्वस्त मिळते.

एवढ्यावर मी कदाचित ब्रिटिशच घेत राहिलो असतो. थोडी खरखर मला चालते, खरं सांगतो, पाचव्या मिनिटाला कान ती विसरतो. जे चालत नाही, जे एकदा कळलं की विसरताच येत नाही, ते म्हणजे तबकडीच्या बरोबर मधोमध न पाडलेलं भोक.

माझ्याकडे एक सोलो पियानोचा अल्बम होता, ब्रिटिश प्रेसिंग, लेबलचं नाव राहू दे. सरफेस बऱ्यापैकी शांत, आवाज भरदार, आणि पहिल्या बाजूच्या शेवटी शेवटी प्रत्येक लांबलेला सूर हलकेच वर जायचा, खाली यायचा, वर, खाली, जणू पियानोला समुद्र लागलाय. आधी मला वाटलं बेल्ट गेला, तो बदलला, मग मोटरवर संशय, मग एकदा टोनआर्मकडे, म्हणजे सुईच्या दांड्याकडे, नीट बघितलं तर ती प्रत्येक फेऱ्याला डावीकडे उजवीकडे डुलत होती. झालं. त्यानंतर मला प्रत्येक तबकडीवर आधी तेच दिसायला लागलं.

हिशेब सोपा आहे. 33⅓ च्या वेगाला एक फेरा 1.8 सेकंदांचा. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल तर बाहेरच्या खोबणीत, जिथे त्रिज्या साधारण 145 मिलिमीटर आहे, वेग 0.35 टक्के वरखाली होतो, तेवढं बहुतेकांना कळत नाही. आतल्या टोकाला त्रिज्या 60 च्या आसपास, तिथे तेच 0.8 टक्क्यांच्या वर जातं. सेमीटोन, म्हणजे दोन लगतच्या सुरांमधलं अंतर, साधारण 6 टक्के, म्हणजे त्याचा सातवा हिस्सा वर आणि तेवढाच खाली, दर 1.8 सेकंदाला. गायकाच्या किंवा गिटारच्या सुरात हे खपून जातं कारण तो सूर हलतच असतो, पण पियानोला मींड नाही, त्याची तार जिथे लावली तिथेच राहणार, त्यामुळे तो लगेच चहाडी करतो. आणि नेमक्या किती अल्बमची पहिली बाजू पियानोवर संपते बघा, 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये 'द ग्रेट गिग इन द स्काय', 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये 'ब्लू इन ग्रीन'. (या दुसऱ्या अल्बमची पहिली बाजू तशीही किंचित चढ्या सुरात आहे, रेकॉर्डिंगच्या वेळी टेप मशीन हळू फिरत होतं म्हणून, आणि ते नव्वदच्या दशकात दुरुस्त होईपर्यंत कुठल्याही देशाची जुनी कॉपी घेतलीत तरी त्यातनं सुटका नव्हती. पण चढा सूर एक वेळ चालतो, डुलणारा नाही.)

बरं यावर घरी करण्यासारखं फारसं काही नाही. खरखरीला धुणं आहे, वाकलेल्या तबकडीला क्लॅम्प आहे, याला काय, काही लोक कानस घेऊन भोक मोठं करतात आणि मग प्रत्येक वेळी नजरेने मध्य साधतात, मला ते धाडस झालं नाही. नाकामिचीने ऐंशीच्या दशकात टीएक्स-1000 नावाचा प्लेयर काढला होता जो स्वतःच मध्य शोधून तबकडी सरकवून घ्यायचा, पण तो आपल्या आवाक्यातला विषय नाही. त्यात दोष बहुतेक वेळा स्टॅम्परमध्ये, म्हणजे छापायच्या साच्यात, असतो, त्याचं भोक पाडतानाच मध्य चुकलेला असतो, म्हणजे त्या स्टॅम्परवरून निघालेल्या सगळ्याच कॉप्या तशा. दुकानदाराला सांगून त्याच लॉटमधली दुसरी घेतली तरी तीही डुलणार. दोन बाजूंचे स्टॅम्पर वेगळे असल्यामुळे एक बाजू ठणठणीत आणि दुसरी बिघडलेली असंही होतं.

आणि इथे माझ्यापुरता तराजू झुकला. माझ्याकडच्या जपानी कॉप्यांमध्ये डोळ्यांना दिसेल इतकी टोनआर्म डुलणारी कॉपी जवळपास नाहीच. ब्रिटिश आणि अमेरिकन, विशेषतः सत्तरच्या दशकातल्या, तेलाच्या टंचाईनंतरच्या घाईघाईत काढलेल्या वाटाव्यात अशा, त्यात हे अधूनमधून भेटतंच. जर्मन या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, जपानीच्या जास्त जवळ. याला कोणी मोजमाप म्हणू नये, दुसऱ्या कोणाच्या कपाटात उलटंही असेल आणि असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

म्हणून माझं सध्या असं चालतं. पियानो, संथ जॅझ, शांत सुरुवातीचे अल्बम, जिथे लांब सूर आहेत तिथे डोळे मिटून जपानी, वजन थोडं कमी पडलं तर ॲम्पवर बासची कळ आहेच, प्युरिस्ट मंडळींनी माफ करावं. दणदणीत रॉक, जिथे ड्रम्स आणि बास हाच जीव आहे, तिथे मूळ देशाची कॉपी, पण ती हातात घेऊन, वाजवून, नाहीतर नाही. आणि जो अल्बम नुसता ऐकायचाय, त्याच्यावर जीव जडलेला नाही, त्याला जर्मन.

न बघता लांबून मागवत असाल तर विक्रेत्याला मॅट्रिक्स नंबरचा फोटो मागा आणि त्याच्याबरोबर पहिल्या बाजूचं शेवटचं मिनिट, वरून घेतलेला व्हिडिओ, टोनआर्म फ्रेममध्ये येईल असा. हेडशेल, म्हणजे टोनआर्मचं सुई बसवलेलं टोक, एका फेऱ्यात एक मिलिमीटर डावी-उजवी झाली की समजायचं भोक अर्धा मिलिमीटर सरकलंय. बहुतेक जण फोटो देतात, व्हिडिओ म्हटलं की गप्प होतात. तो गप्प झाला आणि कॉपी जपानी असेल तर मी तरीही पैसे पाठवतो, ब्रिटिश असेल तर राहू दे म्हणतो.