टेलिंग डॅमची सुरक्षा तपासणी : सल्लागार संस्थेच्या कामाचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आमच्या खाणीच्या टेलिंग डॅमची, म्हणजे खनिज काढून उरलेला ओला गाळ अडवणाऱ्या बांधाची, बाहेरच्या सल्लागार संस्थेकडून तपासणी करून घेतली, त्याला आता वर्ष झालं. संस्थेचं नाव देत नाही. अशी सेवा घेताना कुठे लक्ष ठेवावं, हे कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. मी ११ वर्षं याच बांधावर रीडिंग घेतो, पाझर मोजतो, जोराचा पाऊस असला की रात्री माथ्यावरून चक्कर मारतो.

मला वाटलं होतं, मंडळी ऑफिसात बसतील, आमच्या एक्सेल फाइल घेतील आणि सॉफ्टवेअरमध्ये टाकतील. पण त्यांच्या मुख्य इंजिनिअर मॅडम आल्या त्या थेट बांधाच्या पायथ्याशी उतरल्या. चरातलं पाझराचं पाणी काचेच्या बाटलीत भरलं, बाटली दगडावर ठेवली आणि म्हणाल्या, “अर्ध्या तासाने बघू.” पाझर असणं चुकीचं नाही, तो नितळ आहे की गढूळ हे महत्त्वाचं. गढूळ असेल तर पाण्याबरोबर बांधाचे कणही बाहेर पडतायत, आत बीळ पडत चाललंय. अर्ध्या तासाने बाटलीच्या तळाशी राखाडी गाळाची बारीक रेघ दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. मॅडमनी लगेच दुसरी बाटली निचरा पाइपाच्या तोंडाशी धरून भरली. ती स्वच्छ निघाली. गाळ चराच्या ढासळलेल्या काठाचा होता. एक बाटली भरून घाईने निष्कर्ष काढला नाही, हे मला फार आवडलं.

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हारी लागली. ९ नंबरचा पिझोमीटर (बांधाच्या आतल्या पाण्याची पातळी मोजणारं यंत्र) पाच महिने एकच आकडा दाखवत होता आणि मी दर आठवड्याला रजिस्टरमध्ये ‘स्थिर’ लिहीत होतो. मॅडमनी त्या आलेखावर पावसाचा आलेख ठेवला. “शेजारचा ८ नंबर दीड मीटर वर गेला, मग हा हलला कसा नाही?” शोधलं तर केबल तुटलेली होती आणि लॉगर (रीडिंग नोंदवणारं यंत्र) शेवटचाच आकडा पुन्हा पुन्हा देत होता. बांधाच्या आतलं पाणी किती चढलंय, ते त्या जागी पाच महिने कुणालाच माहीत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

या सेवेचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे शंकू चाचणी, इंग्रजीत सीपीटीयू. सेकंदाला २ सेंटिमीटर या वेगाने शंकू खाली दाबत नेतात आणि टोकाचा विरोध, बाजूचं घर्षण, छिद्रांमधला पाण्याचा दाब हे सगळं एकाच वेळी मोजतात. सैल साठलेला ओला गाळ वरून टणक दिसतो. पण पाण्याला निचरायला वेळ न मिळता दाब चढला, की कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि घट्ट वाटणारा गाळ वाहायला लागतो. ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्योला २५ जानेवारी २०१९ रोजी हेच झालं. ८६ मीटर उंचीचा बांध, २०१६ पासून त्यात नवीन गाळ टाकणं बंद, काही महिन्यांपूर्वीच स्थिरतेचा दाखला मिळालेला. तो काही सेकंदांत कोसळला आणि सुमारे २७० माणसं गेली. आधी डोळ्यांना दिसेल असा ठळक इशारा मिळाला नव्हता, असं तज्ज्ञ समितीने नंतर नोंदवलं. आमच्या जुन्या अहवालात पाणी सावकाश निचरतं असं धरूनच हिशेब होता. या लोकांनी निचरा न होण्याची स्थितीही तपासली आणि गाळाची ताकद एकदम गेली तर काय, तेही. शिवाय बांधाखालच्या मूळ जमिनीतही बोअर घेतले. कॅनडातला माउंट पॉलीचा बांध २०१४ मध्ये पायातल्या कमकुवत चिकणमातीच्या थरामुळेच गेला होता.

टेलिंग डॅमसाठीच्या ऑगस्ट २०२० च्या जागतिक मानकाप्रमाणे परिणामांच्या पाच श्रेणी आहेत. आमचा बांध ‘अति उच्च’ श्रेणीत आला, तेव्हा वरिष्ठ हादरले. “इतका वाईट आहे का बांध?” मॅडमनी शांतपणे समजावलं की श्रेणी बांध किती मजबूत आहे ते सांगत नाही, फुटला तर खाली काय काय जाईल ते सांगते. मग नकाशावर बोट ठेवून विचारलं, “दुपारी साडेबाराला इथे किती माणसं असतात?” ती आमची जेवणाची शेड. चाळीसेक जण. ब्रुमाडिन्योलाही कँटीन आणि ऑफिस बांधाच्या खालीच होतं. त्यांच्या हिशेबाने गाळ शेडपर्यंत दोन मिनिटांच्या आत पोचतो, म्हणजे भोंगा वाजवून उपयोग नाही. तीन महिन्यांत शेड हलवली.

आता एक स्टार का कापला ते. अहवाल सात आठवडे उशिरा आला. शंकू चाचणीच्या मूळ फाइल दोनदा मागाव्या लागल्या. फुटीचा नकाशा (बांध फुटला तर गाळ कुठवर जाईल तो) फक्त कोरड्या दिवसाचा दिला, भर पावसातला दिलाच नाही. आणि मनाला लागलेली गोष्ट म्हणजे खालच्या वस्तीतल्या कुणालाही ही मंडळी भेटली नाहीत. आपत्कालीन आराखड्यात वस्तीसाठी फोन नंबरांची यादी होती. मी एकेक लावून पाहिला, दोन बंद निघाले.

तरीही पुढची तपासणी याच टीमकडून करून घ्यावी, असं मी लेखी कळवलंय. मात्र मूळ फाइल, पावसातल्या फुटीचा नकाशा आणि वस्तीतली बैठक या तीन गोष्टी या वेळी करारातच हव्यात.