प्रोप्रायटरशिप की प्रायव्हेट लिमिटेड? पाटी रंगवण्याआधी

मसाल्याचा किंवा लोणच्याचा धंदा काढायचं म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘कंपनी काढ, नाहीतर कोणी विचारत नाही.’ दुसरा, ‘कंपनी असली की धंदा बुडाला तरी घर वाचतं.’ दोन्ही अर्धेमुर्धेच खरे. दुसरा पर्याय प्रोप्रायटरशिपचा, म्हणजे एकट्या मालकाच्या नावावर चालणारा धंदा.

घर वाचण्याचं आधी पाहू. कायद्याने भागधारकाची जबाबदारी भांडवलापुरतीच, हे बरोबर. पण नव्या कंपनीला कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज) देताना बँक सहसा संचालकांची वैयक्तिक हमी घेते. तिथे सही केली की त्या कर्जापुरती ‘लिमिटेड’ची पाटी शोभेची. पुरवठादारांची उधारी आणि ग्राहकांचे दावे यांपासून मात्र आडोसा खराच मिळतो.

कंपनीच्या नावाने ब्रँडही सुरक्षित होत नाही. त्याला ट्रेडमार्कच हवा. ‘उद्यम’ (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्र असेल तर मालाच्या दर वर्गाला ऑनलाइन ४,५०० रुपये शुल्क, मग अर्ज मालकाचा असो वा कंपनीचा.

काटा हलतो तो पुढच्या कटकटीने. कंपनीने वर्षभरात एकही बिल फाडलं नाही तरी ऑडिट चुकत नाही. पहिला ऑडिटर ३० दिवसांत नेमा, भांडवल खात्यात भरून १८० दिवसांत आयएनसी-२०ए (धंदा सुरू केल्याची घोषणा) भरा. मग दरवर्षी वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत एओसी-४ (हिशेबपत्रकं) आणि ६० दिवसांत एमजीटी-७ए (वार्षिक विवरणपत्र). उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, आणि याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म वर्षभर लटकले की ७३,००० रुपये, विक्री शून्य असली तरी! सलग तीन वर्षं विवरणपत्रं राहिली तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. ‘नाही चालली तर बंद करू’ म्हणावं, तर आधी थकलेले फॉर्म भरा, मग एसटीके-२ (कंपनी बंद करण्याचा अर्ज) चे १०,००० रुपये.

प्रोप्रायटरशिपचा पसारा त्यामानाने आटोपशीर. ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते (पैसे मागणारी साइट सरकारी नाही, एवढं लक्षात ठेवा). महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली नुसती सूचना पुरते. चालू खात्याला बँक फर्मच्या नावाचे दोन पुरावे मागते, तिथे हेच दोन कागद बहुधा चालून जातात. शिवाय २ कोटींपर्यंतच्या उलाढालीवर अंदाजित नफ्याने कर भरता येतो, डिजिटल जमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरून. कंपनीला ही सवलत नाही.

दोन भागीदार बरोबरीने पैसे घालणार असतील किंवा गुंतवणूकदार दारात उभा असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे कंपनीच बरी. एकट्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र पहिली दोनेक वर्षं स्वतःच्या पॅनवर काढावीत, असं वाटतं.

यातही एक मेख आहे. पुढे कंपनी केली की पॅन बदलतो, त्यामुळे जीएसटी क्रमांक नवा आणि एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) परवानाही नवा. पाऊचवर जुनाच परवाना क्रमांक छापलेला असतो, म्हणजे उरलेला रोल भंगारात. रोटो छपाईत (कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या पाऊचच्या छपाईत) प्रत्येक रंगाचं सिलिंडर वेगळं. उत्पादकाचं नाव आणि परवाना क्रमांक तीन रंगांत खुलवले असतील तर तिन्ही सिलिंडर पुन्हा कोरून घ्यावी लागतात. तेव्हा डिझायनरला पहिल्याच दिवशी सांगा: हा मजकूर फक्त काळ्यात घे.