पहिली सेमी-ऑटो .२२ : रुगर १०/२२ घ्यावी की मार्लिन ६०?

दोन्ही बंदुका दुकानाच्या काउंटरवर शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक पटकन सांगता येणार नाही. लाकडी दस्ता, काळी नळी, वजन सव्वादोन-अडीच किलो. दोन्हींत .२२ लाँग रायफल हेच काडतूस लागतं (.२२ म्हणजे इंचात गोळीची जाडी). चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी उजवीकडे उडते आणि पुढचं काडतूस आपोआप नळीच्या बुडाशी असलेल्या चेंबरमध्ये जातं. पुन्हा गोळी हवी तर पुन्हा चाप ओढायचा. सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात ते एवढंच. नीट पाहिलं तर मार्लिनच्या नळीखाली आणखी एक बारीक नळी दिसते, ती तिची काडतुसांची कोठी, म्हणजे मॅगझिन. रुगरची कोठी पोटात बसते आणि बाहेरून दिसतही नाही. माझ्या मते निवड इथेच ठरते. बाकी लाकूड, दुर्बीण, किंमत हे सगळं मागाहून.

मी पेन्सिल्व्हेनियात राहतो आणि दोन्ही बंदुका वापरल्या आहेत. त्याआधीचा माझा सगळा अनुभव म्हणजे सांगलीत कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पला .२२ बोल्ट-ॲक्शनमधून मारलेले पाच राउंड, आणि नंतर मॅटवर गुडघे टेकून हवालदारसाहेबांना मोजून दिलेली पाच खोखी, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या. इथल्या रेंजवर पुंगळ्या झाडूने लोटतात, ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जीव कळवळला होता.

आधी एक अडसर, कारण विचारणाऱ्यांतले निम्मे लोक एच-१बीवर असतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. अपवाद थोडे आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकसुद्धा याच नियमात येते. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. त्यांनी दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते, रायफलसाठी किमान वय १८. आणि ‘तू तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो’ हा मित्रांमधला व्यवहार इथे सरळ गुन्हा आहे. फ्लॅटच्या बुकिंगसारखं हे चालत नाही.

आता बंदुकांकडे. मार्लिन मॉडेल ६० आली १९६० साली, रुगर १०/२२ आली १९६४ साली. साठ वर्षं या दोघींनी अमेरिकन पोरांना नेम धरायला शिकवलं. एकट्या मॉडेल ६०चा आकडा एक कोटीच्या पुढे गेला आहे. पण आज दुकानात नवी मिळेल ती रुगरच. मार्लिन कंपनी आधी रेमिंग्टनकडे गेली, २०२० मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं वाजलं आणि मार्लिन हे नाव विकत घेतलं कुणी, तर रुगरने! त्यानंतर त्यांनी मार्लिनच्या लिव्हर-ॲक्शन (चापाजवळचा दांडा ओढून भरायच्या) बंदुका पुन्हा सुरू केल्या, मॉडेल ६० मात्र बंदच राहिली. त्यामुळे ही तुलना खरं तर नवी रुगर विरुद्ध जुनी मार्लिन अशी आहे.

रुगरचं मॅगझिन हातात घेऊन बघण्यासारखं आहे. काड्यापेटीहून थोडं मोठं, दहा काडतुसांचं, आत फिरकी. .२२च्या काडतुसाला बुडाशी कड असते. साध्या पेटीसारख्या मॅगझिनमध्ये एकाची कड दुसऱ्याच्या मागे अडकली की काम थांबतं. फिरकीत प्रत्येक काडतुसाला स्वतःचा खण मिळतो, कड कडेला भिडतच नाही. शिवाय ज्या दोन ओठांमधून काडतूस वर सरकतं ते पोलादी आहेत, पत्र्याचे वाकवलेले नाहीत. या बंदुकीच्या भरवशाचं निम्मं श्रेय या डबीला.

मार्लिनमध्ये डबी नाही. पितळी आतली नळी वर ओढायची, खाचेतून एकेक काडतूस खाली सोडायचं, नळी परत दाबून बंद करायची. चौदा काडतुसं. एकदा भरली की बराच वेळ निवांत, पण भरताना हात नळीच्या तोंडाजवळ जातो. म्हणून आधी बोल्ट (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारा सरकता तुकडा) मागे, चेंबर डोळ्यांनी बघितलेलं, बोटाने चाचपलेलं, मगच हात पुढे. रुगरमध्ये उलटा धोका. मॅगझिन काढलं की माणूस निर्धास्त होतो आणि चेंबरमधलं एक काडतूस तसंच राहतं. मार्लिनला रिकामी झाल्यावर बोल्ट आपोआप मागे धरण्याची सोय १९८०च्या दशकापासून आहे. नेहमीच्या रुगरमध्ये ती नाही. रिकाम्या चेंबरवर ‘खट्’ झालं की कळतं, संपलं.

अचूकतेत कारखान्यातून आली तशी मार्लिन मला थोडी उजवी वाटते. तिच्या नळीत सोळा उथळ खाचा असतात, मायक्रो-ग्रूव्ह म्हणतात त्यांना. पन्नास यार्डांवर माझ्या हातून मार्लिनचे ठिपके जवळजवळ पडतात. पण रुगरची नळी दोन स्क्रूंवर बसलेली असते, वाटेल तेव्हा वाटेल ती घाला. दस्ता, चापाचा संच, बोल्ट, सगळं बाजारात मिळतं. काही लोकांच्या १०/२२ मध्ये रुगरचा एकही भाग उरलेला नसतो. कुणी विचारलंच तर सांगून ठेवतो, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्य मिळवलं तिथे .२२च असते, पण एकेक गोळी हाताने भरायची. त्या खेळाचा या दोघींशी संबंध नाही.

एआर-१५ या लष्करी थाटाच्या रायफलसारखी दिसणारी स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ ही तिसरी उमेदवार नेहमी पुढे येते. २००९ पासून आहे, प्लॅस्टिकची हलकी आहे, चालते उत्तम. पण तिच्या रूपामुळेच काही राज्यांत तिच्यावर वेगळी बंधनं येतात. पहिल्याच बंदुकीला एवढा अभ्यास कशाला?

आता घरगुती उद्योगांविषयी. रुगर घेतली की महिन्याभरात हात शिवशिवायला लागतात. इंटरनेटवर कुणी मॅगझिनचे ओठ कानशीने घासतो, कुणी स्प्रिंग ताणतो, कुणी दोन मॅगझिनं चिकटवून जोडतो, कुणी जास्त काडतुसं बसवण्याच्या खटपटीत असतो. माझं मत सरळ आहे, यातलं काहीही करू नका. या दोन्ही बंदुकांत बोल्टला कुलूप नसतं. नुसतं त्याचं वजन आणि एक स्प्रिंग यांच्या जोरावर तो बंद राहतो. काडतूस योग्य कोनात, योग्य वेळी समोर आलं तरच ते पूर्ण आत बसतं. कोन बिघडला तर बहुतेक वेळा काडतूस नुसतं वाकडं अडकतं. कधीतरी मात्र बोल्ट पुरता बंद होण्याआधीच बार होतो. .२२ची पुंगळी पातळ असते, ती फाटते आणि पितळेचे कण व गरम वायू तुमच्या चेहऱ्याच्या दिशेने येतात. चष्मा का घालायला लावतात ते तेव्हा कळतं.

माझा स्वतःचा प्रताप याहून साधा होता. पहिल्या वर्षी एक मॅगझिन साफ करायला म्हणून जेवणाच्या टेबलावर खोललं. समोरचा स्क्रू फिरवला, आतली स्प्रिंग ‘फर्र्’ करून सुटली आणि फिरकी निवांत फिरायला लागली. तिला ठरावीक पीळ द्यायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. अंदाजाने पीळ दिला आणि बंद केलं. शनिवारी रेंजवर पहिली सात काडतुसं झकास गेली. आठवं वर आलंच नाही, नववं अर्धवट येऊन बोल्टखाली तिरकं दबलं, शिशाची गोळी पुंगळीत कलली. शेजारच्या लेनवरच्या म्हाताऱ्याने मान न वळवता विचारलं, “उघडलं होतंस ना?” ते मॅगझिन मी कचऱ्यात टाकलं. नवं वीसेक डॉलरना मिळतं. त्यासाठी कानशी कोण हातात घेईल?

दहा कमी पडतात असं वाटलं तर रुगर स्वतः पंचवीसचं मॅगझिन विकते, बीएक्स-२५, २०११ पासून. पेन्सिल्व्हेनियात ते चालतं. मला फारसं आवडत नाही. ते इतकं लांब असतं की बाकावर कोपरं टेकून नेम धरताना खाली टेकतं. पण राज्याची हद्द ओलांडली की प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. न्यू जर्सीत २०१८ पासून मर्यादा दहाची. न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, कनेक्टिकटमध्येही दहा, कोलोरॅडोत पंधरा. या कायद्यांविरुद्ध खटले चालूच असतात, म्हणून खरेदीच्या आदल्या दिवशी आपल्या राज्याचा नियम बघून घ्या. दहाच्या वर जाणारं घरगुती मॅगझिन हे त्या राज्यांत विकत घेतलेल्याइतकंच बेकायदेशीर ठरतं. तुम्ही ते गॅरेजमध्ये हौसेने केलं, याने फरक पडत नाही.

इथेच मार्लिनची मजा आहे. न्यू जर्सीच्या या कायद्यात फक्त .२२ रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणाऱ्या) काडतुसांसाठी असलेल्या, बंदुकीला जोडलेल्या नळीला सूट आहे. म्हणजे एडिसनमध्ये रुगरला दहा, पण मार्लिनला चौदा! नेहमीच असं नव्हतं. मॉडेल ६०च्या जुन्या लांब नळीत सतरा मावायची. न्यू जर्सीच्या १९९०च्या कायद्याने पंधराहून जास्त काडतुसांचं जोडलेलं मॅगझिन असलेली सेमी-ऑटो रायफल ‘असॉल्ट फायरआर्म’, म्हणजे हल्ल्याचं शस्त्र, ठरवली. खारी मारायची बंदूक त्या यादीत! नेमबाजीच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेली अशी मार्लिन घरात ठेवल्याबद्दल तिथे एकाला दोषीही ठरवलं गेलं. ती त्या व्याख्येत बसते हे माहीत नव्हतं ही सबब न्यायालयाने १९९६ मध्ये मानली नाही. कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीसच नळी आखडून चौदावर आणली होती, जुन्या मात्र अजून बाजारात फिरतात.

जुनी मार्लिन घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. नळीखालच्या बारीक नळीला पोचा आहे का, कारण पोचा असला की काडतुसं सरकत नाहीत. आतला बोल्टचा धक्का झेलणारा प्लॅस्टिकचा बफर पिवळा पडून भुगा झालाय का. तो स्वस्तात बदलता येतो, पण भाव पाडायला कामी येतो. आणि सिरियल नंबर. १९७३ ते २००० दरम्यानच्या मार्लिनमध्ये पहिले दोन आकडे शंभरातून वजा करायचे, उत्पादनाचं वर्ष मिळतं. माझी ०८ने सुरू होते, म्हणजे १९९२ची. साफसफाईत मात्र मार्लिन छळते. आतल्या इवल्या स्प्रिंगा एकदा गालिच्यात गेल्या की गेल्या. रुगर दस्त्याचा स्क्रू आणि मोजक्या पिना काढल्या की टेबलावर मोकळी.

मग घ्यायची कोणती? पहिलीच असेल, घरात मुलंही शिकणार असतील, तर नवी रुगर, तिचीच दहाची तीन मॅगझिनं आणि उरलेल्या पैशांची काडतुसं. न्यू जर्सीत असाल आणि सारखं भरत बसायचा कंटाळा असेल, तर जुनी मार्लिन, आधी पोलिसांकडून फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड (बंदूक खरेदीचं ओळखपत्र) काढून. आणि ज्याला प्रत्येक वस्तू उघडून बघितल्याशिवाय झोप येत नाही त्यानेही मार्लिनच घ्यावी. तिच्या कोठीत खुडबुड करायला जागाच नाही.

मी शेवटी दोन्ही ठेवल्या. रुगरच्या मॅगझिनांच्या बुडाला पांढऱ्या रंगाने १, २, ३ असे आकडे घातले आहेत, म्हणजे त्रास देणारं कोणतं ते कळतं. एक पंचवीसचंही आहे, मेहुण्याने भेट दिलेलं. गणपतीला आम्ही एडिसनला जातो. निघायच्या आदल्या रात्री बायको मोदकांचे डबे मोजते आणि मी डिकी पूर्ण रिकामी करून टॉर्चने कोपरे बघतो. डेलावेअर नदीच्या पुलापलीकडे, म्हणजे न्यू जर्सीत, ते मॅगझिन डिकीत सापडलं तर मला गणपती कोठडीतच बसवावा लागेल.