वीचॅट : आठ महिने काळ्या पडद्यासमोर

‘आयआरसी अजून आहे?’ असं मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. आहे बाबा. आयआरसी म्हणजे इंटरनेटवर लिहून गप्पा मारायची जुनी सोय. १९८८ साली फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने सुरू केलेलं हे प्रकरण आजही चालतंय. डेबियन या लिनक्स प्रणालीवाले ओएफटीसी नावाच्या आयआरसी नेटवर्कवर बसतात, मे २०२१ मध्ये फ्रीनोड या दुसऱ्या नेटवर्कचं फाटल्यावर बाकीचे बरेचसे मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प लिबेरा चॅटवर गेले. मी फावल्या वेळात डेबियनची मराठी भाषांतरं तपासते, त्यामुळे तिथे हजेरी लावणं भाग आहे. आधी ब्राउझरमधून जायचे. पण लॅपटॉप बंद केला की संपर्क तुटला, आणि तुम्ही नसताना काय बोलणं झालं ते आयआरसीचा सर्व्हर तुमच्यासाठी राखून ठेवत नाही. शेवटी कपाटात पडलेला रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर बाहेर काढला आणि त्यावर वीचॅट हे आयआरसी वापरायचं सॉफ्टवेअर (चिनी वीचॅट नव्हे) टाकलं.

टाकणं सोपं, अ‍ॅप्ट या सॉफ्टवेअर बसवायच्या कमांडची एक ओळ. नाव टाईप करून एंटर मारलं की काळा पडदा, खाली एक रिकामी पट्टी. सासूबाई मागून डोकावून म्हणाल्या, ‘अगं, आमच्या पोस्टात पूर्वी असाच कॉम्प्युटर होता.’ बटणं नाहीत, मेनू नाही, सगळं स्लॅश लावून लिहायचं. सर्व्हर जोडायचा तर त्याला एक नाव द्या, पत्ता द्या, पोर्ट ६६९७ आणि टीएलएस (संभाषण सांकेतिक करणारी सोय). मग सासलचं (लॉगिनच्या पद्धतीचं) वापरकर्तानाव, पासवर्ड, कनेक्ट झाल्यावर आपोआप कुठल्या चॅनलांत (गप्पांच्या खोल्यांत) शिरायचं त्यांची यादी. पर्याय इतके आहेत की पहिल्या तासात डोकं भणभणतं. एफसेट नावाची कमांड हाती लागली तेव्हा जीव भांड्यात पडला. ती सगळे पर्याय ओळीने दाखवते, एखादा शब्द टाकून यादी आटोपशीर करता येते.

पहिल्याच संध्याकाळी तास-दीड तास घालून सगळं मनासारखं लावलं आणि लाइट गेली. परत आल्यावर बघते तर पाटी कोरी. बदललेली सेटिंग्ज वीचॅट नीट बंद करताना लिहून ठेवतं. मधेच गचकलं तर तुम्ही स्वतः ‘सेव्ह’ केलेलं तेवढंच उरतं. आता दर दोन बदलांनंतर बोटं आपोआप सेव्ह लिहितात. दुसरा घोळ निव्वळ माझा. पासवर्डची ओळ दुसरीकडून उचलून चिकटवताना स्लॅशच्या आधी एक स्पेस आली. स्पेस आली की ती कमांड राहत नाही, साधं वाक्य होतं, आणि ते थेट चॅनलात गेलं. दोघांनी लगेच स्मायली टाकली, तिसऱ्याने सभ्यपणे पासवर्ड बदल म्हणून सांगितलं.

हे दिव्य पार पडलं की मात्र रोजचं वापरणं झकास. वीचॅट टीमक्समध्ये, म्हणजे काळा पडदा मागे चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालू ठेवायचं, कंट्रोल-बी आणि डी दाबून बाहेर पडायचं. लॅपटॉप बंद, तरी कपाटातला पाय ऐकत असतो. (त्याला आता स्वतःचा छोटा बॅटरी बॅकअप आहे.) सकाळी चहा घेऊन एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत शिरते, तर कालपर्यंत कुठवर वाचलं होतं तिथे आडवी रेघ तयार. डावीकडे चॅनलांची यादी, उजवीकडे माणसांची, ऑल्ट आणि बाणाने इकडून तिकडे. ‘अमका आला, तमका गेला’ ही कटकट गाळायला स्मार्ट फिल्टर आहे. त्यासाठी एक फिल्टर मुद्दाम जोडावा लागतो, तो पहिल्या दिवशीच जोडा. नुकतंच कुणी बोललं असेल तर त्याचं जाणं-येणं तेवढं दिसतं.

आता मराठीचं. आयआरसीच्या एका संदेशाला ५१२ बाइटची मर्यादा, त्यातही पत्ता-बित्ता धरून. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त यांचे वेगळे. ‘नमस्कार’ म्हणजे सात चिन्हं, २१ बाइट. जरा मोकळेपणाने लिहिलं की ओळ संपते. वीचॅट ती स्वतःच तोडून दोन संदेशांत पाठवतं, म्हणून काही हरवत नाही, पण समोरच्याला आपण धाप लागून बोलतोय असं वाटतं.

दिसण्याची गंमत आणखी निराळी, आणि त्यात वीचॅटचा दोष थोडाच. टर्मिनल, म्हणजे तो काळा पडदा, प्रत्येक चिन्हाला मोजून चौकट देतं. माझ्या आधीच्या टर्मिनलात ‘ज्ञ’ फुटून ‘ज्’ आणि ‘ञ’ व्हायचे, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे हवी ती उजवीकडे जायची, आणि कर्सर दोन घरं भलतीकडे उभा. कॉन्सोल नावाचं दुसरं टर्मिनल वापरायला लागल्यापासून जोडाक्षरं बरीच सावरलीत, तरी उजवीकडची नावांची रांग अधूनमधून वाकडी होतेच. भाषांतराच्या चर्चेत नेमका ऱ्हस्व-दीर्घाचाच वाद असतो, तिथे हे परवडत नाही. सुदैवाने वीचॅटचा लॉग (संभाषणाची नोंद) म्हणजे साधी मजकुराची फाइल. वाद पेटला की मी ती शेजारी एडिटरमध्ये उघडते, वेलांटी तिथे बघते आणि उत्तर काळ्या पडद्यावर लिहिते.