जैसलमेरमध्ये हाती एकच दिवस: सम, खुडी की तनोट?

किल्ला आणि पटव्यांची हवेली पाहून झाली, की दुसऱ्या दिवशी कुठे जायचं हा प्रश्न येतोच. तिन्ही ठिकाणं एका दिवसात बसवायला जाऊ नका, सगळा वेळ गाडीत जाईल.

सम हे वाळूच्या टेकड्यांचं ठिकाण जैसलमेर शहरापासून साधारण ४० किलोमीटर. रस्ता चांगला, तंबूत पलंग-बाथरूमची सोय, त्यामुळे आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हेच सोयीचं. पण सूर्यास्ताला जीप, उंट आणि लाउडस्पीकर यांची एकच गर्दी उसळते. मुक्काम करणार असाल तर वाळूवर पहाटे जा. उंटाचा भाव वर बसण्याआधी ठरवा.

याच वाटेवर कुलधरा लागतं. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडलं. दिवाण सालमसिंहाच्या जाचाची आणि भुतांची गोष्ट तिथे हमखास ऐकायला मिळते. मला मात्र पालीवालांची खडीन पद्धत जास्त मोलाची वाटते. उतारावरून येणारं पावसाचं पाणी मातीच्या बांधाने अडवायचं, मुरू द्यायचं आणि त्याच ओलीवर रब्बीचं पीक काढायचं. वाळवंटात! आपल्या दुष्काळी भागातून आलेल्यांनी तर याबद्दल मुद्दाम विचारावं.

खुडीही जवळपास तेवढ्याच अंतरावर, पण नैर्ऋत्येला. मातीची घरं, गवताने शाकारलेली छपरं आणि गावाला लागूनच वाळू. इथे सोयी बेताच्या आहेत, पण शांतता आहे. सकाळी पायाखालची वाळू गारेगार लागते. वाऱ्याने आखलेल्या रेघांवरून रात्री एखादा किडा चालून गेलेला असतो, त्याच्या पायांची नक्षी थेट गोधडीच्या टाक्यांसारखी दिसते. ऊन चढलं, वारा सुटला, की ती पुसली जाते. वाळवंटच पाहायला आला असाल तर माझं मत खुडीला, तेही रात्रीच्या मुक्कामासह. सम आणि खुडी यांच्या मधल्या पट्ट्यात वाळवंट राष्ट्रीय उद्यान आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी इथे ‘गोडावण’ म्हणून ओळखला जातो. तो दिसेलच असं धरून मात्र जाऊ नका.

तनोट, म्हणजे पाकिस्तान सीमेजवळचं तनोटमातेचं देऊळ, ही वेगळीच सहल आहे. एका बाजूने सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे पहाटे निघायचं. पाणी भरपूर घ्या, टाकी भरा, ओळखपत्र विसरू नका. परतताना लोंगेवालाची रणभूमी जोडता येते. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या सुमारे १२० जवानांनी इथे पाकिस्तानी रणगाड्यांचा हल्ला रोखून धरला. जैसलमेरच्या हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं, म्हणून उजाडेपर्यंत तग धरणं भाग होतं. आज तिथल्या सपाट, उघड्या माळावर उभं राहिलं की लपायला काहीच नाही हे दिसतं, आणि ती रात्र केवढी लांब असेल ते कळतं.

तनोटमातेच्या देवळात १९६५ च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे ठेवले आहेत. देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं. नवस बोलणारे तिथे रुमाल बांधतात. बांधायचा असेल तर एक जवळ असू द्या.